उजवा मेंदू : जाहिरातीतला आणि ओपीडीतला

परीक्षा संपत आल्या की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके पडू लागतात. 'शाळा फक्त डावा मेंदू वापरते, आम्ही उजवा जागा करतो.' 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन : डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन.' 'बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल ओळखा.' व्हॉट्सॲपवर गिरकी घेणाऱ्या नर्तकीचे चित्र फिरते आणि ती कोणत्या दिशेने फिरताना दिसते यावरून तुम्ही 'डाव्या मेंदूचे' की 'उजव्या मेंदूचे' हे सांगितले जाते. आईवडील ही पत्रके घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "डॉक्टर, घालू का क्लासला?"

त्याच ओपीडीत आणखी एक प्रकारचे कुटुंब भेटते. घरातल्या वडीलधाऱ्यांना पक्षाघात झालेला असतो, पण तो घरच्यांच्या लक्षात यायला पाच-सहा तास गेलेले असतात. एवढा उशीर का झाला, असे विचारले की उत्तर साधारण एकच असते. "ते तर नीट बोलत होते हो! स्वतःच म्हणाले, मला काही झालेले नाही." अशा वेळी बहुधा त्यांच्या उजव्या मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो.

मुलाचा स्वभाव डाव्या मेंदूचा की उजव्या, या प्रश्नाला शास्त्रात अर्थ नाही, पण त्यावर पैसे खर्च होतात. पक्षाघात कोणत्या बाजूला झाला, या प्रश्नावर मात्र माणसाचे पुढचे आयुष्य ठरू शकते आणि तो आपल्याला कोणी शिकवत नाही. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊ.

दोन गोलार्ध आणि त्यांना जोडणारा पूल

तुमचा मेंदू वरून पाहिला तर अक्रोडाच्या गरासारखा दोन भागांत विभागलेला दिसतो. हे दोन गोलार्ध, म्हणजेच डावा आणि उजवा मेंदू. डावा मेंदू मुख्यतः शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा मेंदू डावी बाजू, कारण हालचालीचा संदेश नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात. दृष्टीचेही तसेच आहे. समोर पाहताना तुमच्या डावीकडे जे दिसते त्याची माहिती उजव्या मेंदूकडे जाते आणि उजवीकडचे डाव्या मेंदूकडे.

म्हणूनच अनेक कुटुंबे रिपोर्ट वाचून गोंधळतात. "रिपोर्टमध्ये 'राइट' लिहिले आहे, पण लुळा तर डावा हात पडला आहे. रिपोर्ट चुकला का?" रिपोर्ट चुकलेला नसतो. 'राइट एमसीए इन्फार्क्ट' याचा अर्थ उजव्या मेंदूतील एका मुख्य रक्तवाहिनीच्या क्षेत्रात इजा झाली आहे. तिचा परिणाम डाव्या बाजूवर दिसणारच.

दोन्ही गोलार्धांच्या मध्ये खोलवर तंतूंचा एक जाड पट्टा असतो. त्याला कॉर्पस कलोझम म्हणतात. त्यात सुमारे 20 कोटी तंतू असतात आणि डाव्या-उजव्या मेंदूतील बहुतेक देवाणघेवाण याच पुलावरून चालते. तुम्ही हे वाक्य वाचत असतानाही चालू आहे.

कामाची वाटणी खरीच आहे

जाहिराती ज्या गोष्टीवर उभ्या आहेत ती मुळात खोटी नाही. फ्रान्समधले डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये एका रुग्णाची नोंद केली. त्याला समोरच्याचे बोलणे बरेचसे समजे, पण स्वतः तो 'टॅन' एवढाच उच्चार करू शके. मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा त्याच्या डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात इजा आढळली. 1874 मध्ये जर्मनीचे कार्ल व्हेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारचे रुग्ण वर्णिले. हे रुग्ण भराभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नसे. तिथेही इजा डाव्याच बाजूला होती, फक्त थोडी मागे.

आज आपल्याला माहीत आहे की उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांत आणि डावखुऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के लोकांत भाषेचा मुख्य कारभार डाव्या मेंदूत असतो. उजवा मेंदू अवतीभवतीच्या जागेचे भान, दोन्ही बाजूंकडे लक्ष, चेहरे ओळखणे, आवाजातील चढउतारावरून भावना ओळखणे या कामांत पुढे असतो.

मग पूल कापला तर काय होते? तीव्र अपस्माराचे झटके एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नयेत म्हणून कॉर्पस कलोझम कापण्याची शस्त्रक्रिया 1940 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. औषधांनी न थांबणाऱ्या, रुग्णाला धाडकन खाली पाडणाऱ्या झटक्यांसाठी ती आजही निवडक रुग्णांत केली जाते. अशा रुग्णांचा अभ्यास रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगा यांनी केला. त्यासाठी स्पेरींना 1981 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यातला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. पूल कापलेल्या एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि त्याच वेळी उजव्या मेंदूला बर्फाने झाकलेले घर. समोर ठेवलेल्या चित्रांतून त्याच्या उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्या हाताने फावडे. दोन्ही निवडी बरोबर होत्या. फावडे का निवडले, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच. बोलणाऱ्या डाव्या मेंदूने बर्फ पाहिलेलाच नव्हता. पण त्याने 'माहीत नाही' असे म्हटले नाही. त्याने पटण्यासारखे कारण तयार केले आणि त्यावर स्वतः विश्वासही ठेवला.

हा प्रयोग लक्षात ठेवा. पुढे पक्षाघाताच्या भागात तो उपयोगी पडेल.

मग जाहिरातीत चूक कुठे आहे?

काम वाटून घेतले म्हणजे एक जण झोपला असे होत नाही. घरात एक जण स्वयंपाक करतो आणि दुसरा बाजारहाट, म्हणून ते 'स्वयंपाकवाले घर' किंवा 'बाजारवाले घर' ठरत नाही. गणित सोडवताना दोन्ही गोलार्ध काम करतात, चित्र काढतानाही दोन्ही करतात. गाणे ऐकताना शब्द आणि सूर वेगवेगळ्या प्रमाणात दोन्हीकडे पोहोचतात आणि एकत्र होऊनच तुम्हाला गाणे ऐकू येते.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये 7 ते 29 वर्षे वयाच्या 1,011 जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. काही विशिष्ट कामांची जाळी डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेली दिसली. पण एखाद्या माणसाचा सगळा मेंदूच डावीकडे किंवा उजवीकडे जास्त चालतो, असे आढळले नाही. स्पेरी यांनी स्वतःही ही कल्पना हवी तशी ताणणे फार सोपे आहे, असा इशारा दिला होता.

'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा दावा तर याहून विचित्र आहे. मिडब्रेन म्हणजे मध्यमस्तिष्क हा डाव्या-उजव्या गोलार्धांना जोडणारा पूल नव्हे. तो मेंदूच्या देठाचा सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा भाग आहे. डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचे लहानमोठे होणे आणि जागेपण टिकवणे ही त्याची कामे आहेत. तो चालू करण्यासाठी शिबिराची गरज नसते. तो बंद पडला तर मूल शाळेत नव्हे, अतिदक्षता विभागात असेल.

पट्टी बांधून वाचण्यामागचे गुपितही साधे आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी पूर्ण टेकत नाही आणि त्या फटीतून खालचे दिसते. बुद्धिवादी चळवळीतले नरेंद्र नायक आणि इतर कार्यकर्त्यांनी ही युक्ती अनेकदा लोकांसमोर उघड केली आहे. फट बुजवली की वाचन थांबते. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या 'डीएमआयटी' चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

पैसे जातात ते वेगळेच. मला जास्त काळजी वाटते ती त्या मुलाची. फटीतून दिसते आहे हे त्याला माहीत असते. पण समोर आईबाबा कौतुकाने पाहत असतात, मोबाइलवर व्हिडिओ काढत असतात. मग ते खोटे बोलते आणि ते खोटे टिकवत राहते. दुसरी काळजी अशी की, ज्या मुलाला खरोखर वाचायला अडचण आहे, म्हणजे डिस्लेक्सिया, दृष्टिदोष किंवा लक्ष न लागण्याचा विकार आहे, त्याची तपासणी या क्लासच्या नादात एक-दोन वर्षे मागे पडते. शिकण्याची अडचण वाटत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञांना भेटा.

आणि मूल डावखुरे असेल तर त्याला डाव्या हातानेच लिहू द्या. दहांतील साधारण एक जण डावखुरा असतो आणि तो आजार नाही.

डाव्या मेंदूचा पक्षाघात लवकर का ओळखला जातो?

डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की उजवा हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते आणि बहुतेकदा बोलणे बंद होते किंवा अडखळते. उजव्या हाताने जेवणारा माणूस घास उचलू शकत नाही, नाव सांगू शकत नाही. घर लगेच हादरते आणि धावपळ सुरू होते.

इथेही एक फसगत होते. व्हेर्निके यांनी वर्णिलेल्या प्रकारात हात-पाय चालू असतात, पण माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते डोक्यावर परिणाम झाला किंवा बाहेरची बाधा झाली. काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक भलतेच बोलू लागला, तर तो पक्षाघात असू शकतो हे आधी मनात आणा.

उजव्या मेंदूचा पक्षाघात का निसटतो?

उजव्या मेंदूत गुठळी अडकली तर डावी बाजू अधू होते. पण बोलणे बहुतेकदा टिकलेले असते. जिभेला थोडा जडपणा येतो एवढेच. त्याच वेळी दोन गोष्टी घडू शकतात.

पहिली म्हणजे डाव्या बाजूचे भान हरपणे. डोळे चांगले असूनही डावीकडचे जग रुग्णासाठी जणू उरतच नाही. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, मीठ, लिंबू डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे वाढतात. असा रुग्ण भाजी संपवतो, कोशिंबिरीला हात लावत नाही आणि वर म्हणतो, "आज कोशिंबीर केली नाही का?" दाढी अर्धीच होते. सदऱ्याची डावी बाही रिकामी लोंबते. चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला धडकतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. आपला हात चालत नाही हेच रुग्णाला कळत नाही. हात वर करा म्हटले तर तो म्हणतो, "केला की." कधी सांगतो, "दमलोय, म्हणून उचलत नाही." कधी स्वतःचा हात दाखवला तर तो दुसऱ्या कुणाचा आहे म्हणतो. फावड्याचा प्रयोग आठवा. डाव्या बाजूची खबर ठेवणारा भाग बंद आहे आणि बोलणारा भाग चालू आहे. त्याच्याकडे खबर पोहोचत नाही, पण उत्तर तयार असते. रुग्ण खोटे बोलत नसतो, हट्टही करत नसतो. आजारानेच आजाराची जाणीव काढून घेतलेली असते.

हे फक्त घरच्यांकडूनच निसटते असे नाही. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर जगभर जी एनआयएचएसएस ही मोजपट्टी वापरतात, तिच्या 42 गुणांपैकी 7 गुण थेट भाषेशी संबंधित आहेत आणि डाव्या-उजव्या बाजूचे भान हरपण्यासाठी फक्त 2. त्यामुळे उजव्या मेंदूचा मोठा पक्षाघातही आकड्यात लहान दिसू शकतो.

घरी एका मिनिटात काय पाहाल?

संशय आला तर "बरे वाटते ना?" असे विचारून थांबू नका. उजव्या मेंदूचा रुग्ण "हो" म्हणेल. त्याच्या उत्तरापेक्षा शरीर पाहा.

• चेहरा : दात दाखवून हसायला सांगा. एक कोपरा खाली ओघळतो का?
• हात : डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा आणि मनात दहा अंक मोजा. एक हात खाली येतो का?
• बोलणे : एक सोपे वाक्य पुन्हा म्हणायला सांगा.
• डोळे : डोळे आणि मान एकाच बाजूला वळून राहिली आहे का? अचानक अर्धे दिसेनासे झाले आहे का?
• तोल : अचानक झोक जातो आहे का?
• डावी बाजू : रुग्णाच्या डावीकडे उभे राहून हाक मारा. तो वळतो का? स्वतःचा डावा हात उजव्या हाताने दाखवता येतो का?

यांपैकी एक गोष्ट जरी अचानक सुरू झाली असेल तरी हा तातडीचा प्रसंग आहे. 108 वर फोन करा किंवा चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक कधी दिसला, ती वेळ लिहून घ्या. झोपेतून उठताना लक्षणे दिसली तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगा.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळीवाटे गुठळी काढता येते. पण जितका उशीर तितके नुकसान अधिक. अशा मोठ्या पक्षाघातात उपचार मिळेपर्यंत दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. म्हणून वाटेत पाणी, चहा, ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची जादा गोळी देऊ नका, आणि 'सकाळपर्यंत पाहू' तर मुळीच म्हणू नका. आपोआप उतरलेल्या लक्षणांसाठीही त्याच दिवशी तपासणी हवी.

घरी आल्यानंतर

बाजू कोणती हे कळले की रुग्णाशी कसे वागायचे तेही ठरवता येते.

डाव्या मेंदूच्या इजेने वाचाघात झाला असेल तर समजून घ्या की शब्द हरवले आहेत, बुद्धी नव्हे. छोटी वाक्ये बोला, हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, उत्तरासाठी थांबा. अनेक रुग्णांना पाणी मागता येत नाही, पण आरती म्हणता येते, पाढे म्हणता येतात, रागात शिवीही स्पष्ट येते. पाठ झालेले आणि सुरातले बोलणे मेंदू वेगळ्या वाटांनी करतो, त्यात उजव्या मेंदूचाही वाटा असतो. "आरती येते, मग बोलत का नाही? नाटक करतात," असे म्हणू नका. तीच सुरांची वाट वाचा-उपचारात वापरतात. हा उपचार शक्यतो रुग्णाच्या घरच्या भाषेत, त्याच्या बोलीत व्हावा असा आग्रह धरा.

उजव्या मेंदूच्या इजेत डाव्या बाजूचे भान कमी असेल तर सुरुवातीला जेवताना ताट थोडे फिरवून द्या, मग हळूहळू "डावीकडे बघा" अशी आठवण करून द्या. ताटाच्या किंवा पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली की नजर तिथपर्यंत न्यायची सवय लागते. डावा हात व्हीलचेअरच्या चाकात अडकणार नाही, गरम भांड्याला लागणार नाही याकडे घरच्यांनीच लक्ष द्यायचे. दुचाकी आणि गाडीची किल्ली डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत बाजूला ठेवा. रुग्ण "मी ठीक आहे" म्हणत व्यायाम टाळेल. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. आरसा, मोबाइलवरचा व्हिडिओ आणि फिजिओथेरपिस्ट यांची मदत घ्या. कधीकधी आवाज एकसुरी होतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा राग-दुःख कळत नाही. "बाबा बदलले, आमची पर्वाच नाही," असे वाटते तेव्हा हेही इजेचेच लक्षण असू शकते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सुधारणा होते का? होते. पहिल्या काही महिन्यांत वेगाने आणि नंतर हळूहळू. मेंदूची घडण बदलण्याची ताकद लहान मुलांत तर फार मोठी असते. जन्माच्या सुमारास डाव्या मेंदूला इजा झालेली मुलेही अनेकदा उजव्या मेंदूच्या आधारे बोलायला शिकतात. कोणताही क्लास न लावता मेंदू हे स्वतः करतो. त्याला लागतो तो वेळेवर उपचार, सराव आणि धीर धरणारी माणसे.

पुढच्या वेळी उजव्या मेंदूचे पत्रक हाती आले तर ते उलटे करा. मागच्या कोऱ्या बाजूवर वरची सहा लक्षणे, 108 हा क्रमांक आणि तुमच्या जवळच्या सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाचे नाव लिहा आणि ते फ्रिजवर चिकटवा.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*